मिरी, पिंपळी आणि औषधाचं शोषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरातून आणि निफाड, सिन्नर, दिंडोरी, सुरगाण्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत बीपी-शुगरच्या गोळ्या घेणारे आहेत, त्यांना औषध देणारी घरची माणसं आहेत, गोळे कॉलनीत औषधांच्या दुकानात काम करणारी मुलं आहेत आणि आयुर्वेद-फार्मसीचे विद्यार्थीही आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न लिहिता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. बायोएन्हान्सर म्हणजे काय? ते औषधच असतं का?

सोबत घेतलेलं औषध जास्त प्रमाणात रक्तात पोचवणारा पदार्थ म्हणजे बायोएन्हान्सर. ज्या आजारासाठी ते औषध दिलंय, त्या आजारावर हा पदार्थ त्या मात्रेत स्वतः काही करत नाही. सगळ्यात जास्त अभ्यास झालेलं उदाहरण म्हणजे पायपेरिन. मिरी आणि पिंपळीचा तिखटपणा त्याच्यामुळेच येतो.

गिळलेल्या औषधापैकी जेवढा भाग मूळ रूपात रक्तात पोचतो, त्याला जैवउपलब्धता म्हणतात. शिरेतून दिलेल्या इंजेक्शनची जैवउपलब्धता 100 टक्के धरतात. गोळीची बहुतेक वेळा त्याहून कमी असते, कधी फारच कमी.

2. गोळी पोटात विरघळली की रक्तात जातेच ना? मधे अडतं कुठे?

विरघळणं ही फक्त पहिली पायरी. पुढे आतड्याच्या आतल्या अस्तरातून पलीकडे जावं लागतं. हे अस्तर एकमेकींना चिकटलेल्या पेशींच्या एका थराचं असतं आणि प्रत्येक पेशीभोवती मेदाच्या दुहेरी थराचं पेशीपटल असतं. मेदात विरघळणारे लहान रेणू या पटलातून सहज पार होतात. पाण्यात विरघळणाऱ्या रेणूंना ते जमत नाही. त्यांच्यासाठी पेशी-पेशींमधल्या सांध्यांची वाट उरते, पण हे सांधे इतके घट्ट असतात की तिथून अगदी छोटे रेणूच निसटतात.

पटल ओलांडून औषध पेशीत शिरलं, तरी काम झालं असं नाही. पटलातच पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो. तो आत आलेली कित्येक औषधं उचलून पुन्हा आतड्याच्या पोकळीत टाकतो. 1976 मध्ये कॅनडातल्या संशोधकांना हे प्रथिन औषधांना दाद न देणाऱ्या पेशींच्या पटलावर सापडलं. पंपाच्या तावडीतून सुटलेल्या औषधाला तिथेच सीवायपी 3ए4 हे विकर (एन्झाइम) गाठतं आणि मोडतं. त्यातूनही जे उरतं, ते रक्तासोबत आधी यकृतात जातं आणि तिथे पुन्हा मोडतोड होते. बीपीवरच्या प्रोप्रॅनोलॉलचं उदाहरण घ्या. ते आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषलं जातं, पण यकृत पार करून साधारण चौथा हिस्साच पुढे पोचतो.

गोळीवर छापलेले मिलिग्रॅम ही सगळी गळती धरूनच ठरवलेले असतात. पुढची बरीच उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत. गळती थांबवली की मात्रा वाढवल्यासारखंच होतं, मग गोळी तीच का असेना.

3. मग वनस्पतीचा अर्क यात काय बदलतो?

एकच अर्क एकाहून जास्त ठिकाणी हात घालतो, आणि गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

पायपेरिन पंपही अडवतं आणि सीवायपी 3ए4 लाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या थरावर डिगॉक्सिन आणि सायक्लोस्पोरिन ही औषधं घेऊन 2002 मध्ये हे दाखवलं गेलं. शिवाय औषधाला साखरेसारखा रेणू जोडून ते बाहेर टाकण्यायोग्य करणारी विकरंही पायपेरिनमुळे मंदावतात. हळदीतल्या करक्युमिनच्या बाबतीत हाच परिणाम महत्त्वाचा ठरतो.

दुसरा प्रकार थेट पटलावर काम करणाऱ्यांचा. सॅपोनिन म्हणजे रिठ्याला फेस आणणाऱ्या पदार्थांचा वर्ग. ही संयुगं पटलातल्या कोलेस्टेरॉलला बिलगून त्याची रचना सैल करतात, म्हणून औषध आत शिरतं. मात्रा वाढली तर पेशीच फुटते. शोषण वाढवणं आणि इजा करणं यांतलं अंतर इथे फार थोडं आहे. म्हणूनच सॅपोनिनांवर प्रयोग पुष्कळ झाले, तरी त्यांच्या जोरावर शोषण वाढवणाऱ्या गोळ्या बाजारात दिसत नाहीत.

तिसरा प्रकार पेशींमधले घट्ट सांधे थोडा वेळ उघडणाऱ्यांचा. खोबरेल तेलात असणाऱ्या कॅप्रिक आम्लाचं सोडियम क्षार हे त्याचं चांगलं अभ्यासलेलं उदाहरण. जपानमध्ये गुदमार्गे द्यायच्या अँपिसिलिन या जंतुनाशक औषधात ते वापरलं गेलं.

4. ही कल्पना आपल्या आयुर्वेदातलीच ना?

मूळ धागा तिथलाच आहे. सुंठ, मिरी आणि पिंपळी समभाग घेऊन केलेलं त्रिकटू असंख्य पाठांत, म्हणजे औषधांच्या ठरलेल्या कृतींत, येतं. सोबतच्या द्रव्याचा गुण वाहून नेणाऱ्याला ‘योगवाही’ म्हणतात आणि औषध कशासोबत घ्यायचं याचा ‘अनुपान’ म्हणून स्वतंत्र विचार आहे. अडुळशासोबत पिंपळी दिली की दम्यावर तो जास्त लागू पडतो, ही नोंद 1929 च्या सुमारास बोस यांनी केली होती.

आधुनिक अर्थानं हे काम जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत झालं. तिथे सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये, त्रिकटू इतक्या वेगवेगळ्या रोगांच्या पाठांत का येतं, हा प्रश्न धरून पायपेरिनपर्यंत मजल मारली. मला हा प्रश्न विचारण्याची पद्धत फार मोलाची वाटते. जुना पाठ आहे म्हणून त्यांनी तो मान्यही केला नाही आणि टाकूनही दिला नाही. औषधाची रक्तातली पातळी मोजून पाहिली.

5. हळदीत मिरी घातली की शोषण 2000 टक्के वाढतं, हे खरं का?

आकडा खरा आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या गटाचा हा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना 2 ग्रॅम करक्युमिन दिलं, तेव्हा रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही. सोबत 20 मिलिग्रॅम पायपेरिन दिल्यावर जैवउपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली. म्हणजे जवळपास शून्य असलेली गोष्ट साधारण वीसपट झाली. वीसपट होऊनही ती थोडीच राहिली. त्याच अभ्यासात उंदरांमधली वाढ 154 टक्के होती.

आणखी एक हिशेब करून पाहा. हळदीच्या पुडीत करक्युमिन साधारण 3 टक्के असतं. 2 ग्रॅम करक्युमिन हळदीतून मिळवायचं, तर 60 ग्रॅमहून जास्त हळद एका वेळी खावी लागेल. रात्रीच्या हळदीच्या दुधाला तो आकडा लागू होत नाही. दूध चवीसाठी आणि घशाला बरं वाटतं म्हणून खुशाल घ्या.

6. गोळ्या चालू असताना आमटीतली मिरी, काळा मसाला, काढा बंद करायचा का?

जेवणातली मिरी बंद करायची गरज नाही. मिरीत पायपेरिन साधारण 5 टक्के धरलं, तर 20 मिलिग्रॅमसाठी जवळपास 400 मिलिग्रॅम, म्हणजे आठ-दहा दाणे लागतात. चौघांच्या आमटीतून एकाच्या वाट्याला तेवढे येत नाहीत. शिवाय तुमची मात्रा ठरवताना तुमचा रोजचा आहार चालूच होता.

काढ्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. पायपेरिन पाण्यात फार कमी विरघळतं, लिटरभर पाण्यात साधारण 40 मिलिग्रॅम. कोविडच्या काळात आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यात तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2 आणि मिरी 1 असं प्रमाण होतं. 3 ग्रॅमच्या पुडीतली मिरी साधारण 330 मिलिग्रॅम भरते. कपभर पाण्यात उकळून गाळून घेतला, तर पोटात थोडंच पायपेरिन जातं. पण चमचाभर मिरपूड मधातून चाटायची, किंवा तुपातून घ्यायची, तर गोष्ट वेगळी. चमच्यात 2 ग्रॅमच्या आसपास मिरपूड बसते, म्हणजे 100 मिलिग्रॅमपर्यंत पायपेरिन. अभ्यासात वापरलेल्या मात्रेच्या ते पाचपट झालं. प्रश्न 7 मधलं एखादं औषध चालू असेल, तर असा चमचा रोज घेऊ नका.

7. सासूबाईंना रोज पाच गोळ्या आहेत. मिरीचा अर्क असलेली हळदीची कॅप्सूल सुरू करू का?

आधी गोळ्यांची यादी बघा. पुढच्यांपैकी एक जरी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको: फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन, दम्यावरची थिओफिलिन, हृदयासाठीची डिगॉक्सिन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, मूत्रपिंड किंवा यकृत बदलल्यावरची सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस. या औषधांत उपयोगी पातळी आणि विषारी पातळी एकमेकींच्या जवळ असतात. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन आणि थिओफिलिन यांची रक्तातली पातळी पायपेरिनमुळे वाढते, हे माणसांवरच्या अभ्यासांतच दिसलं आहे, आणि मात्रा रोज 20 मिलिग्रॅमच्या आसपासचीच होती. बऱ्याच कॅप्सूलमध्ये 5 ते 10 मिलिग्रॅम असतं, पण दिवसातून दोन-तीनदा घेतली की बेरीज तिथे पोचते.

फेनिटॉइन वाढलं की तोल जातो, डोळे थरथरतात, जीभ जड होते. म्हाताऱ्या माणसात हे ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिलं जातं. नवीन कॅप्सूल सुरू केल्यावर असं काही दिसलं, तर कॅप्सूल थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मूळ गोळ्या मात्र स्वतः कमी-जास्त करू नका.

8. क्षयरोगाच्या औषधात मिरीचा अर्क असतो म्हणे. मग पिंपळी घेऊन गोळ्या कमी केल्या तर चालेल?

नाही. हे उत्तर सुरगाणा-पेठकडच्या आशाताईंनी प्रत्येक घरी सांगावं अशी विनंती आहे.

अशी गोळी आहे हे खरं. जम्मूच्या प्रयोगशाळेच्या कामावरून तयार झालेल्या मिश्रणात रिफाम्पिसिन 200 मिलिग्रॅम, आयसोनियाझिड 300 मिलिग्रॅम आणि पायपेरिन 10 मिलिग्रॅम असतं. नेहमीच्या 450 मिलिग्रॅम रिफाम्पिसिनऐवजी 200 पुरतं, कारण त्या ठरावीक मिश्रणाची रक्तातली पातळी मोजून, रुग्णांवर चाचण्या करून, मग परवानगी घेतली गेली. घरच्या पिंपळीत पायपेरिन किती, हे कुणी मोजलेलं नाही (प्रश्न 14). सरकारी कार्यक्रमातल्या एकत्रित गोळ्या वजनानुसार ठरवलेल्या असतात. त्या कमी केल्या आणि रिफाम्पिसिन अपुरं पडलं, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग उपचार लांबतात, महागतात आणि घरातल्या मुलाबाळांनाही तोच हट्टी जंतू लागू शकतो.

9. ‘ग्रेपफ्रूटसोबत घेऊ नये’ असं गोळीच्या कागदावर आहे. आमची तर द्राक्षाची बाग आहे!

द्राक्ष खा. ग्रेपफ्रूट हे वेगळं फळ आहे, संत्र्या-मोसंबीच्या कुळातलं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षाशी त्याचा काही संबंध नाही.

त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॅनडात डेव्हिड बेली आणि सहकारी फेलोडिपिन या बीपीच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस दिला, आणि औषधाची पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेली. 1991 मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. रसातली फ्युरॅनोकुमारिन संयुगं आतड्यातलं सीवायपी 3ए4 कायमचं निकामी करतात. कोलेस्टेरॉलवरची सिमव्हास्टॅटिन, फेलोडिपिन, सायक्लोस्पोरिन अशा औषधांना हे लागू होतं. कोलेस्टेरॉलवरच्याच रोसुव्हास्टॅटिनला नाही.

आपल्याकडे ग्रेपफ्रूट क्वचित मिळतं, पण पपनस मिळतं, आणि पपनसातही हीच संयुगं असतात. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी पपनस टाळावं.

10. गोळी आणि अर्क यांत दोन तासांचं अंतर ठेवलं तर धोका टळतो ना?

ते अडथळा कसला आहे यावर अवलंबून आहे. इसबगोलसारखा पदार्थ आतड्यात औषधाला धरून ठेवतो. तिथे दोन तासांचं अंतर उपयोगी पडतं. ग्रेपफ्रूट मात्र विकरच निकामी करतं, आणि आतड्याच्या पेशी नवं विकर तयार करेपर्यंत परिणाम राहतो, एक ते तीन दिवस. सकाळी रस आणि रात्री गोळी असं करून सुटका नाही. पायपेरिन रोज घेतलं जात असेल, तर तिथेही घड्याळावर विसंबू नये.

11. वनस्पती नेहमी शोषण वाढवतातच का?

नाही, आणि हे लोकांच्या फार कमी लक्षात येतं. युरोपात उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती पंप आणि विकर दोन्ही वाढवते. सायक्लोस्पोरिन त्यामुळे इतकं घटतं की बदललेला अवयव शरीर नाकारू शकतं. गर्भनिरोधक गोळ्याही निष्प्रभ होऊ शकतात. परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या बाटल्यांवर हे नाव जरूर तपासा.

खुद्द त्रिकटूही एका बाजूचं नाही. सशांवरच्या प्रयोगांत त्रिकटूसोबत इंडोमेथॅसिन या वेदनाशामकाची पातळी वाढली, तर डायक्लोफेनॅक आणि आयसोनियाझिडची कमी झाली. ‘त्रिकटू सगळ्याचं शोषण वाढवतं’ हे वाक्य म्हणूनच टिकत नाही. औषधागणिक मोजावं लागतं.

12. शेवगा, जिरं, कोरफड, ज्येष्ठमध यांचं काय?

शेवग्याच्या शेंगांतल्या नियाझिरिडिनवर लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेत, तर जिऱ्यातल्या एका फ्लॅव्होनॉइडवर रिफाम्पिसिनसोबत जम्मूत काम झालं आहे. कोरफडीच्या गरासोबत क आणि ई जीवनसत्त्वं जास्त शोषली जातात असं माणसांवरच्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. यांतलं काहीही अजून घरी वापरायच्या सल्ल्याइतकं पक्कं नाही.

ज्येष्ठमधाबद्दल मात्र इशारा. त्यातलं ग्लायसिरायझिन शोषण वाढवणारं म्हणून अभ्यासलं गेलंय, पण तेच रोज बरेच दिवस घेतलं तर बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम घटतं. पोटॅशियम घटलं की डिगॉक्सिनचा विषारी परिणाम लवकर दिसतो. इथे धोका शोषणाच्या वाटेने येत नाही, म्हणून तो शोधताना सुटतो.

13. दुखण्यावरच्या मलमात मेन्थॉल, निलगिरी असते. तेही औषध आत नेतात का?

हो. त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरात पेशींच्या मधे मेदाचे थर रचलेले असतात. मेन्थॉल, निलगिरीतलं सिनिओल, लिंबूवर्गीय सालीतलं लिमोनिन ही संयुगं ते थर विस्कळीत करतात आणि औषधाला वाट मिळते. आपल्याकडच्या पुष्कळ जेलमध्ये डायक्लोफेनॅकसोबत जवसाचं तेल, मिथाइल सॅलिसिलेट आणि मेन्थॉल असतं. लावल्यावर वरून गरम शेक किंवा घट्ट पट्टी नको, शोषण आणखी वाढतं. वॉरफरिन घेणाऱ्यांनी मिथाइल सॅलिसिलेट असलेलं मलम मोठ्या भागावर रोज चोळू नये, रक्त जास्त पातळ होतं.

दोन वर्षांखालच्या बाळाला कापूर असलेलं काहीही लावू नका. कापूर त्वचेतून आणि नाकातून झटकन शोषला जातो आणि बाळाला झटके येऊ शकतात.

14. त्र्यंबककडून चांगली पिंपळी मिळते. घरीच अर्क काढला तर?

मसाल्याला, चाटणाला वापरा. औषधाचं शोषण वाढवायला नको. जात, जमीन, तोडणीची वेळ, वाळवण, साठवण या सगळ्याने पायपेरिनचं प्रमाण बदलतं. अर्क पाण्यात काढला की कमी उतरतं, अल्कोहोलमध्ये भरपूर. एकाच पोत्यातल्या दोन अर्कांत मोठा फरक पडू शकतो, आणि तो जिभेला नीट कळत नाही.

15. नैसर्गिकच तर आहे, यकृताला काय होणार?

अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतइजा नोंदवणाऱ्या संशोधन जाळ्याने 2004 ते 2022 मधले हळदीच्या उत्पादनांशी जोडलेले 10 रुग्ण नोंदवले. तपासता आलेल्या 7 उत्पादनांपैकी 3 मध्ये पायपेरिन सापडलं. 10 पैकी 7 जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण होती, म्हणजे हे सर्वांनाच होतं असं नाही. इटलीतही 2019 मध्ये असे रुग्ण आढळले होते. भाजीतल्या हळदीचा हा प्रश्न नाही. करक्युमिन एकवटायचं आणि वर शरीराने ते बाहेर टाकण्याची वाटही अडवायची, या जोडीचा आहे. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, भूक मरणं, यांपैकी काही दिसलं तर कॅप्सूल बंद करून यकृताची तपासणी करून घ्या.

16. जंतूंच्या पेशीपटलावरही हे चालतं का?

चालतं, आणि माझ्या मते पुढचं सर्वांत आशेचं काम इथेच आहे. जंतूंच्या पटलातही औषध बाहेर फेकणारे पंप असतात. दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांत बर्बेरिन हे जंतुनाशक असतं, पण स्टॅफिलोकॉकस या जंतूचा नॉर-ए पंप ते बाहेर टाकतो. 2000 साली असं दिसलं की त्याच झुडपांत एक दुसरं संयुगही असतं. ते एकटं जंतूला काही करत नाही, पण पंप बंद पाडतं आणि बर्बेरिनला आत टिकू देतं. झाडाने औषध आणि त्याचा बायोएन्हान्सर एकत्रच तयार केलेला आहे. फक्त एक घटक शुद्ध करून वेगळा काढला, की ही जोडी तुटते.

17. मी बीएएमएसला आहे. असा परिणाम तपासायला सुरुवात कुठून करू?

म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून हा प्रश्न बऱ्याचदा येतो. रूढ पद्धत कॅको-2 पेशींची. मानवी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या या पेशी चाळणीवर साधारण 21 दिवस वाढवल्या की लहान आतड्यासारखा थर तयार होतो. औषध वरून खाली आणि खालून वर, दोन्ही दिशांना मोजा. उलट्या (खालून वर) दिशेचा वेग जास्त आणि अर्क घातल्यावर तो उतरला, तर पंप अडला असं धरता येतं. थराचा विद्युतरोधही मोजा. तो घसरला असेल, तर सांधे उघडलेत किंवा पेशी मेल्यात, आणि पेशी जिवंत असल्याची चाचणी केल्याशिवाय यातलं काय झालं ते सांगता येत नाही. सोय नसेल, तर फार्मसी महाविद्यालयाशी मिळून प्राण्याच्या उलट्या केलेल्या आतड्याच्या तुकड्यावर काम करता येतं. अर्काचं प्रमाणीकरण, म्हणजे त्यातल्या मुख्य घटकाचं प्रमाण मोजून ठरवणं, मात्र पहिल्या दिवशीच करा.

18. वैद्य आणि डॉक्टर दोघांचं चालू आहे. कुणाला काय सांगायचं?

दोघांनाही सगळं सांगा. नुसतं ‘चूर्ण घेतो’ म्हणू नका, डबीच घेऊन जा. किती, कशासोबत, कधीपासून, हे सांगा. अर्क सुरू करताना जसं सांगायचं, तसंच बंद करतानाही. अर्क चालू असताना मात्रा बसवली असेल, तर तो अचानक थांबवल्यावर औषध कमी पडू शकतं. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांनाही कल्पना द्या.

त्रास झालाच, तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः नोंद करू शकतो. गोळ्यांची नावं, चूर्णाच्या डबीवरचा बॅच क्रमांक आणि त्रास सुरू झाल्याची तारीख जवळ ठेवून फोन करा.